मुरूम लागला, भरा पाया!

पेठ तालुक्यात घराची जागा फार काटेकोर तपासतात. आधी दिशा, मग मुहूर्त, मग नारळ. जमिनीचा नंबर शेवटी. गवंडी पहार आपटतो, कान देतो आणि निकाल लावतो : ‘मुरूम लागला, भरा पाया!’

अभियंत्यांच्या चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा सोडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. आपल्याकडे पहिल्या ठोक्यालाच पेढे. तेही भर वैशाखात, जेव्हा उतारावरची कुठलीही माती टणकच लागते. आषाढात तीच पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरून घसरू पाहते, हे पहारीला कोण सांगणार? माळीण गावात ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून दीडशेवर माणसे गाडली गेली, तेव्हाही पाऊसच होता.

नागलीच्या शेताला मृदा आरोग्य पत्रिका मिळते : सामू, नत्र, स्फुरद, पालाश. घराखालच्या मातीला हळदकुंकू. केंद्राच्या घरकुल योजनेचा मूळ हिशेब सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. म्हणजे अख्ख्या सह्याद्रीचा भाव दहा हजार! त्यात माती तपासायची, की सिमेंट वर चढवायचे?

निदान दीड-दोन मीटरचा खड्डा खणून थर तरी बघावेत. त्याला खर्च नाही. पण खड्डा दिसला, की घरातला कर्ता माणूस लगेच म्हणतो, ‘बरं झालं, संडासाचं काम झालं.’