स्वस्तातला हत्ती
२०१९ च्या फेब्रुवारीत कॅनन कंपनीने ‘ईओएस आरपी’ नामक फुल-फ्रेम कॅमेरा अमेरिकेत अवघ्या १,२९९ डॉलरांस जाहीर केला, तेव्हा ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरची ही जहागीर आजवर दुरूनच न्याहाळणाऱ्या मध्यमवर्गीय छायाचित्रकारास आपले दैव उघडले असे वाटावे, यात नवल नव्हते. बॅटरी व कार्डासह वजन ४८५ ग्रॅम, २६.२ मेगापिक्सेल, मंद प्रकाशातही निगुतीने उतरणारे चित्र, ही गुणांची सनद अस्सल आहे आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु सनदेतील बारीक अक्षरांची कलमे वाचू जावे, तो बॅटरी सुमारे २५० चित्रांत मान टाकते, कार्डाला खाच एकच, आणि फोर-के चलच्चित्रण आरंभताच सेन्सरच्या कडा कापून टाकून हा कॅमेरा आपल्या फुल-फ्रेमपणाचा राजीनामा निमूटपणे सादर करतो! शिवाय त्याला बसणाऱ्या कंपनीच्याच भिंगांपैकी २८-७० मिलिमीटरचे एफ/२ भिंग कॅमेऱ्याच्या दुपटीहून महाग. म्हणजे हत्ती सवलतीत, अंबारीची आकारणी निराळी. सबब, खरेदीदारांस विनंती इतकीच की, कॅमेऱ्याची किंमत विचारण्यापूर्वी भिंगांचा दरफलक मागवून घ्यावा.