लॅनचा पॉइंट

नव्या फ्लॅटमध्ये देवघरामागे एलईडीची प्रभावळ लागते, झुंबरासाठी स्लॅबला भोक पडतं. पण लॅनचा पॉइंट मागितला की इलेक्ट्रिशियन हुंडा मागितल्यासारखा चेहरा करतो. ‘वायफाय आहे की, साहेब!’ फारच लावून धरलं तर कॅट-6 ओढतो, तीही लाइटच्याच पाइपातून. केबल ‘प्युअर कॉपर’ म्हणून आणलेली. सोलली की वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. आठ तारांतल्या चारच जोडतो, उरलेल्या म्हणे ‘स्पेअर’. गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात, त्यामुळे स्पीड 100 एमबीपीएसवर बैठक मारतो. दोष अर्थात इंटरनेटवाल्याचा! आणि एवढ्या खटाटोपानंतर सॉकेट बसतो कुठे? वॉर्डरोबमागे. इंटीरियरवाल्यांच्या मते तिथे तो छान लपतो.