झाकली मूठ सव्वा लाख कोटींची

शत्रूला धाक दाखवण्यासाठी राष्ट्रांपाशी क्षेपणास्त्रे, नाकेबंदी आणि निर्बंध अशी साधने मुबलक असली, तरी मित्राला धाक दाखवण्याचे सभ्य साधन मात्र सहजी सापडत नाही; कारण ज्या देशाचे सैनिक आपल्याच भूमीवर आपल्याच रक्षणासाठी मुक्कामाला आहेत, त्याच्यावर तोफ रोखणे शिष्टाचाराला धरून होत नाही. ही उणीव भरून काढणारे अस्त्र म्हणून सरकारी कर्जरोख्यांकडे, म्हणजे ठरावीक व्याज आणि मुदतीअंती मुद्दल परत देण्याच्या सरकारी लेखी हमीकडे, अधूनमधून आशेने पाहिले जाते. मित्राने आपल्याकडून भरपूर उसने घेतले आहे, तेव्हा त्याचे रोखे बाजारात ओतण्याची नुसती भीती घातली तरी तो ताळ्यावर येईल, असा हा सिद्धान्त असून त्याचे सौंदर्य कागदावर निर्विवाद आहे.

जानेवारी २०२६ मध्ये ग्रीनलंडच्या ताब्यावरून अमेरिकेचे आणि डेन्मार्कचे वाजले आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी आठ युरोपीय देशांना जादा आयातशुल्काची धमकी दिली, तेव्हा अमेरिकेचे रोखे आणि समभाग मिळून सुमारे ८ लाख कोटी डॉलरची मालमत्ता युरोपीयांच्या हाती असल्याची आठवण तिकडील पंडितांना झाली. अडचण एवढीच निघाली की ही मालमत्ता मुख्यतः विमा कंपन्यांची, बँकांची आणि पेन्शन फंडांची आहे, आणि ग्रीनलंडच्या सार्वभौमत्वासाठी निवृत्तांनी आपल्या वेतनात खोट सोसावी असा हुकूम लोकशाही सरकारांना काढता येत नाही. त्यातल्या त्यात डेन्मार्कमधील एका पेन्शन फंडाने सुमारे १० कोटी डॉलरचे अमेरिकी रोखे विकायचे ठरवले, पण हा निर्णय अमेरिकी सरकारच्या ढासळत्या वित्तस्थितीमुळे घेतल्याचा आणि ग्रीनलंडच्या वादाशी त्याचा थेट संबंध नसल्याचा खुलासाही लगोलग केला. अमेरिकी सरकारची वार्षिक तूट सुमारे १.८ लाख कोटी डॉलर असल्यामुळे एवढी रक्कम ते सरकार साधारण अर्ध्या तासात नव्याने उसनी घेते. अमेरिकेचे अर्थमंत्री स्कॉट बेसंट यांनी दावोस येथे डेन्मार्कची रोख्यांतील गुंतवणूक आणि खुद्द डेन्मार्क ही दोन्ही एकाच वाक्यात बिनमहत्त्वाची ठरवली. यातील उर्मटपणा उघड असला तरी गुंतवणुकीपुरते त्यांचे अंकगणित बरोबर होते, आणि डेन्मार्कला अधिक झोंबावे असे तेच होते.

सावकार डेन्मार्कऐवजी जपानएवढा मोठा असला तर चित्र पालटेल, अशी समजूत यावर होऊ शकते. जून १९९७ मध्ये डेन्व्हरची शिखर परिषद आटोपून न्यूयॉर्कला आलेले जपानचे पंतप्रधान र्युतारो हाशिमोतो यांनी कोलंबिया विद्यापीठात एका प्रश्नाला उत्तर देताना, अमेरिकी रोखे मोठ्या प्रमाणावर विकण्याचा मोह आपल्याला पूर्वी अनेकदा झाल्याची कबुली दिली. विकले काहीच गेले नव्हते, तरी त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक १९२ अंकांनी कोसळला आणि पंतप्रधानांच्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता, हे पटवून देण्यासाठी जपानी अधिकाऱ्यांची धावपळ उडाली. धमकी देणाऱ्यालाच धमकी परत घेण्याची घाई झाली, ती का, याचे उत्तर रोख्याच्या रचनेत आहे.

शंभर डॉलरच्या रोख्यावर वर्षाला चार डॉलर व्याज मिळत असेल आणि विक्रीच्या रेट्याने तो ऐंशी डॉलरला मिळू लागला, तर नव्या खरेदीदाराला पाच टक्के परतावा पडतो. अर्थात किंमत उतरली की परतावा चढतो, आणि अमेरिकेला पुढचे कर्ज त्या चढ्या दराने काढावे लागते. इथपर्यंत अस्त्र उत्तम चालते. परंतु ज्या शंभराचे ऐंशी झाले तो रोखा विकणाऱ्याचाच असतो, आणि त्याच्या तिजोरीत उरलेल्या सगळ्या रोख्यांचेही त्याच क्षणी ऐंशी होतात. शिवाय आलेले डॉलर देऊन येन घेतले तर येन महागतो, टोयोटाच्या मोटारी अमेरिकेत महाग होतात, आणि जे आयातशुल्क टाळण्यासाठी हा खटाटोप केला त्याचेच काम परस्पर होऊन जाते. त्यातही परकी सरकारांच्या अमेरिकी रोख्यांचा मोठा भाग न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या खात्यात नोंदींच्या रूपाने ठेवलेला असतो. बांधावरून ज्या भाऊबंदाशी तंटा आहे त्याच्याच कपाटात आपली तलवार ठेवावी आणि किल्लीही त्याच्याच कनवटीला असावी, तशी ही व्यवस्था आहे. २०२२ मध्ये रशियाच्या सुमारे ३० हजार कोटी डॉलरच्या गंगाजळीला पाश्चात्त्यांनी कुलूप लावले, तेव्हा या किल्लीचे महत्त्व सर्वांनाच कळले. (रशिया मित्र नव्हता, ही बाब दिलासादायक मानण्याची पद्धत आहे.)

ऋणकोने धनकोला कोंडीत पकडण्याची ही कला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा उचलल्या आणि त्यापोटी लंडनमधील खात्यात पौंड जमा दाखवले. या शिलकेला स्टर्लिंग शिल्लक म्हणतात आणि ती युद्धाअखेरीस १३० कोटी पौंडांच्या घरात गेली होती. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर या नात्याने १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले, तेव्हा हिंदी शिष्टमंडळाने हा विषय काढला. त्यावर हे ब्रिटन आणि त्याच्या धनकोंमधले घरगुती प्रकरण आहे, असे सांगून ब्रिटनचे प्रतिनिधी केन्स यांनी तो बासनात गुंडाळला. जुलै १९५६ मध्ये, म्हणजे मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले त्याच महिन्यात, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि ब्रिटनने इजिप्तची स्टर्लिंग शिल्लक तत्काळ गोठवली.

मात्र त्याच सुएझमध्ये कर्जाचे शस्त्र मित्रावर नेमके चालले, आणि म्हणून या विषयावरील प्रत्येक लेखात त्याला मानाचे पान मिळते. ऑक्टोबरअखेर ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इस्रायलशी संगनमत करून इजिप्तवर हल्ला चढवला, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर भडकले, आणि अमेरिकेने आपल्याकडचे ब्रिटिश रोखे विकण्याची धमकी देऊन लंडनला नमवले, अशी कथा लोकप्रिय आहे. कामी आला तो याहून साधा उपाय, तो म्हणजे काहीच न करणे. पौंडाचा दर २.८० डॉलरला बांधलेला होता, तो टिकवण्यासाठी लागणारे डॉलर आटत चालले होते, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून पैसे उचलण्यास ब्रिटनला अमेरिकेची संमती हवी होती. ती युद्धबंदीपूर्वी मिळणार नाही, असे वॉशिंग्टनने कळवले. फ्रान्सने हल्ल्यापूर्वीच नाणेनिधीकडून पतसोय मंजूर करून घेतली होती, ब्रिटनला मात्र ते सुचले नव्हते. युद्धाचे सर्वांत उत्साही पुरस्कर्ते असलेले अर्थमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी ६ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाला आठवडाभरात १० कोटी पौंडांची गंगाजळी गेल्याचे सांगितले; खरा आकडा याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा होता, पण युद्धबंदी त्याच दिवशी झाली. डिसेंबरमध्ये सैन्य परतू लागल्यावर नाणेनिधीने सुमारे १३० कोटी डॉलर मोकळे केले, जानेवारीत पंतप्रधान ईडन यांना जावे लागले, आणि त्यांच्या खुर्चीवर मॅकमिलन बसले.

तेव्हा नाक दाबता येते ते ज्याला परक्या चलनात पैसा हवा आहे त्याचे, आणि तेही पुढचा हप्ता अडवून. जो स्वतःच्याच छापखान्यातल्या डॉलरमध्ये कर्ज फेडतो, त्याच्यापुढे जुन्या पावत्या फडकावून फारसे निष्पन्न होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आयातशुल्कानंतर दहा वर्षे मुदतीच्या रोख्यांचा परतावा ४ टक्क्यांवरून काही दिवसांतच साडेचारला भिडला आणि ९ तारखेला बहुतेक शुल्क ९० दिवस स्थगित झाले, हे खरे. परंतु ती किमया घाबरलेल्या बाजाराची होती आणि तिचे श्रेय घेण्यास कोणतेही मित्रराष्ट्र पुढे आले नाही. जपानचे अर्थमंत्री कात्सुनोबु कातो यांनी २ मे रोजी दूरचित्रवाणीवर, सुमारे १.१ लाख कोटी डॉलरचे अमेरिकी रोखे वाटाघाटीतले एक पान म्हणून अस्तित्वात आहेत, ते खेळायचे की नाही हा निराळा प्रश्न, असे म्हणून मूठ किंचित उघडली, आणि ४ मे रोजी मिलान येथे रोखे विकण्याचा विचार नसल्याचे सांगून ती पुन्हा मिटली. जुलैमध्ये करार झाला, शुल्क १५ टक्क्यांवर ठरले, आणि अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या परकी सावकाराने आपल्या ऋणकोच्या देशात आणखी ५५ हजार कोटी डॉलर गुंतवण्याचे कबूल केले. सप्टेंबरमधील सामंजस्य करारानुसार हे पैसे कोणत्या प्रकल्पात घालायचे याची निवड अमेरिकेचे अध्यक्ष करतील, आणि निवड कळवल्यानंतर रक्कम भरण्यासाठी जपानला किमान ४५ कामकाजी दिवसांची मुदत मिळेल.