रकाना सातवा

कुणी गेल्याचं कळलं की आबा आधी चष्मा लावतात. मग विचारतात, "वय काय होतं? रात्री जेवले होते का? गोळ्या चालू होत्या का, आणि असल्या तर हातावर कोण ठेवत होतं?" त्यांना वाईट वाटत नाही असं नाही. पण कारण कळल्याशिवाय हळहळायचं कसं, अशी त्यांची अडचण असते. विमा कंपनीच्या दावे विभागात उमेदीची सगळी वर्षं घालवलेला माणूस. एकदा तेराव्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मेहुण्याला त्यांनी "शेवटचा चहा कुणी केला होता?" असं विचारलं, आणि वाढपी श्रीखंडाचं भांडं घेऊन आल्या पावली मागे फिरला.

अशा माणसाचं निवृत्तीनंतर फार कठीण होतं. आबा कुडाळजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले खरे, पण गावात मरून मरून किती माणसं मरणार? आणि जी मरतात ती नव्वदीच्या पुढे, अंथरुणात, सगळ्यांच्या देखत. तपासाला जागाच नाही. आबा सुकत चालले होते. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या डोक्यात बदकं भरली.

खाकी कॅम्पबेल जातीची तीस पिल्लं. एका दिवसाची, भोकं पाडलेल्या खोक्यातून आलेली. ही जात इंग्लंडातल्या कुणा कॅम्पबेलबाईंनी तयार केली आणि चांगली सांभाळली तर एक मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, एवढं वाचून आबांनी खोकं उघडायच्या आधीच तीस गुणिले तीनशे करून ठेवलं होतं. "यात नर किती?" असं काकींनी विचारल्यावर नऊ हजार अंड्यांतली साडेचार हजार तिथल्या तिथे फुटली.

पहिलं पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. आबांनी लांब वही काढली, रकाने आखले. अनुक्रमांक, वय, मृत्यूची वेळ, शेवटचे पाहणारे, शेवटचे खाणे, हवामान. सातवा रकाना, मरणाचे कारण. बाकीचे सहा भरायला त्यांना दहा मिनिटं लागली. सातव्यापाशी पेन थांबलं.

आता खरं तर त्या पिल्लाचं मरण सरळ होतं. बदक म्हणजे पाणी, या हिशेबाने आबांनी खुराड्यात भरलेलं घमेलं ठेवलं होतं. आईच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लाच्या लवेला तिच्या अंगचं तेल लागतं. खोक्यातून आलेल्या पोरक्या पिल्लाची लव बोळ्यासारखी भिजते आणि ते काकडून मरतं. पाणी हवं ते चोच आणि नाकपुड्या बुडवून धुता येतील इतपत, पोहता येईल इतकं नाही. कामाला येणाऱ्या मावशीने घमेलं उचलून तिथे पसरट ताटली ठेवली, तीत चार गोटे टाकले. प्रकरण मिटलं. पण आबांना एवढं सरळ मरण पटेना. "घमेलं कुणी भरलं?" "तुमीच," मावशी म्हणाली. आबांनी सातव्या रकान्यात 'अपघात' लिहिलं आणि शेवटचे पाहणारे म्हणून मावशीचं नाव घातलं.

पुढची पिल्लं आषाढातल्या एका रात्री गेली. पहिल्या आठवड्यात पिल्लांना बत्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, त्यासाठी बल्ब टांगलेला. रात्री वीज गेली, पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढली आणि खालची चेंगरली. आबा सकाळी वही घेऊन वायरमनकडे. "काल वीज नक्की किती वाजता गेली?" वायरमन विडी पेटवत म्हणाला, "आबा, आली कधी होती ते सांगा, मग हिशेब करू."

मधल्या काळात काही पिल्लांचे पाय फेंगडे व्हायला लागले. बाजारात मिळालं ते कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य आबा घालत होते, आणि बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी खाद्यात यीस्ट मिसळायला सांगितलं, तेव्हा बरीचशी पिल्लं नीट चालू लागली. या प्रकरणात मेलं कुणीच नाही, त्यामुळे आबांचा रस लवकर संपला.

खरा बहर आला तो श्रावणात. चांगली टुणटुणीत पिल्लं. सकाळी मलूल, दुपारी खाणं बंद, आणि दुसऱ्या दिवशी पाय ताणून पडलेली. एकामागून एक. आबांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं असं तेज आलं.

संशयितांची यादी झाली. त्यात आधी मावशी. मग मुंबईहून आलेली काकींची बहीण, कारण तिने पिल्लांकडे बघून "अय्या, किती गोड!" म्हटलं होतं. काकी म्हणाल्या, नजरच लागली, राखणदाराला नारळ ठेवू, गाऱ्हाणं घालू. आबांचा देवाधर्माला विरोध नाही. पण राखणदाराचा जबाब घेता येत नाही आणि त्याची सही मिळत नाही, ही त्यांची हरकत. मावशीचं निदान निराळं होतं. "तुमी सारखी हातात घेवन बघतास, म्हणान मरतत ती." तेही अगदीच चुकीचं नव्हतं. दर तासाला उचलून, उलटं करून, चोच उघडून बघितल्यावर मलाही बरं वाटलं नसतं.

शेंगदाण्याची पेंड मात्र यादीतून पहिल्याच दिवशी सुटली होती. पावसाआधी आणून माळ्यावर ठेवलेलं पोतं. काकींनी तिच्यावर बोट ठेवलं होतं, कुबट वास येतो म्हणून. आबांनी मुद्दा फेटाळला. तीच पेंड कोंबड्या खातायत, त्यांना काय झालंय? याला आमच्याकडे सबळ पुरावा म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, ताजं मेलेलं पिल्लू आणा, चिरून बघतो. आणेपर्यंत गार ठेवा, पण गोठवू नका. गोठवलं की आतलं काही नीट दिसत नाही. आबांनी पिल्लू पिशवीत बांधून आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवला. वर चिठ्ठी चिकटवली : 'पुरावा. हात लावू नये.' फ्रीजमधल्या गारव्याने चिठ्ठी गळून पडली. शेजारी तसल्याच डब्यात उन्हाळ्यात राखून ठेवलेले, उसळीसाठी काढलेले ओले काजू. पुढचं मी सांगत नाही. काकींची किंकाळी आमच्या ओटीपर्यंत ऐकू आली. त्यानंतर आबांना आठवडाभर नुसती पेज होती, एवढंच मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी पिल्लू चिरलं. काळीज, म्हणजे यकृत, फिकट पडलेलं. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना यकृताचा एक विषाणूजन्य रोगही होतो, त्यात मान पाठीमागे ताणून पिल्लू तासाभरात मरतं. तसलं काही बघितलंत का, त्यांनी विचारलं. आबांनी वही उघडून प्रत्येक मृताची मान कोणत्या दिशेला होती ते वाचून दाखवलं. एकाचीही मागे नव्हती. मग डॉक्टर पेंडीकडे वळले. पोतं उसवलं तर आत हिरवट बुरशी.

"पण कोंबड्या खातायत!"

"कोंबडी पचवते तेवढ्यात बदकाचं पिल्लू मरतं," डॉक्टर म्हणाले. आणि पोत्यावर बसूनच त्यांनी गोष्ट सांगितली. 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. बदकांची पिल्लंही मेली. कुणाला कारण सापडेना, म्हणून रोगाला नाव दिलं 'टर्की एक्स'. शेवटी धागा जाऊन पोहोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी. पेंडीवर बुरशी, बुरशीत विष, त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. त्या विषापुढे बदकाचं पिल्लू इतकं नाजूक, की पुढे खाद्यात ते आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत एक दिवसाची बदकाची पिल्लंच वापरत.

एखाद्याला आपल्या दारची पिल्लं जगाच्या विज्ञानाशी जोडली गेल्याचा आनंद झाला असता. आबा वेगळ्याच ठिकाणी अडकले होते.

"एक्स?" ते म्हणाले. "लाखभर मृत्यू, आणि कारणाच्या रकान्यात एक्स? असला फॉर्म मी परत पाठवला असता."

पेंड खड्ड्यात पुरली. मेलेली पिल्लंही चुना घालून खोल पुरा, असं डॉक्टरांनी बजावलं. उघड्यावर टाकली तर त्यात किडे पडतात, ते किडे बदकं खातात, आणि त्यातल्या विषाने लुळी पडून माना टाकतात. "शेकड्यात चार-पाच जातातच, आबा. थोडी मरतूक धरायचीच असते."

"धरायची म्हणजे? कुणाला धरायची?"

डॉक्टरांनी मोटारसायकलला किक मारली.

नवं खाद्य आलं, मरतूक थांबली. उरलेली पिल्लं पिसं फुटून भराभर वाढायला लागली, व्हाळापर्यंत रांगेने जायला लागली. आबा उदास. ते वही चाळत बसायचे. पण एका पानापाशी आले की पाठ ताठ व्हायची. ते पान मुंगसाचं. एक पिल्लू दहाव्या दिवशी नाहीसं झालं होतं. विहिरीजवळ लव विखुरलेली, चिखलात पावलं. आबांनी फूटपट्टीने पावलं मोजली, घार, घोरपड आणि मांजर यांना क्रमाने निर्दोष सोडलं आणि सातव्या रकान्यात ठणठणीत अक्षरात 'मुंगूस' लिहिलं. सगळ्या वहीत निःशंक असं हे एकच कारण. बाकी ठिकाणी 'बहुधा' तरी होतं किंवा 'तथापि' तरी.

भाद्रपदात, गणपती जाऊन चार दिवस झाले असतील, मावशी पदराखाली काहीतरी घेऊन आली. पलीकडच्या वाडीतल्या एका कोंबडीने स्वतःच्या पिल्लांत एक बदक वाढवलं होतं. ते पाण्यात शिरलं की ती काठावरून कोकलून जीव आटवायची, म्हणून घरच्यांनी कंटाळून परत पाठवलं. पायात आबांनी बांधलेली लाल सुतळी, तिच्यात काचत चाललेला पाय. शंकेला जागा नव्हती.

काकींना पाणी आलं डोळ्यांत. म्हणाल्या, "अहो, मेलेलं परत आलं! पेढे आणा."

आबांनी सुतळी कापली. बदकाला उलटं केलं, सुलटं केलं. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन स्वतःच्या हयातीचा दाखला देऊन येणारा माणूस तो. जिवंत असण्याला कागद लागतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी वही आणली, मुंगसाचं पान काढलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. बदक त्यांच्या धोतरावर शिटलं तरी हलले नाहीत.

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं, "हे जर जिवंत आहे, तर विहिरीपाशी लव कुणाची होती?"

आणि मी काही बोलायच्या आत नवं पान उलटून त्यांनी रकाने आखायला घेतले.