खूण पान 41

भालचंद्र नेमाडेंची 'हिंदू' ही कादंबरी 2010 साली आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घेतली. पानं सहाशेच्या आसपास. खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट अजून 41व्या पानावरच आहे. तिकिटावरची शाई उडाली, पान तेच. 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं लेखकानंच मुखपृष्ठावर छापलंय, त्यामुळे जागा अडवते अशी तक्रारही करता येत नाही. नेमाडेंना ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा मी दोन ठिकाणी तिच्यावर तावातावानं बोललो. नायकाचं 'खंडेराव' एवढं एक नाव पुरतं. समोरच्यानंही तितपतच वाचलेलं असतं. 'हिंदू'च्या शेजारी लग्नात आहेर आलेली 'ज्ञानेश्वरी' आहे. नऊ हजार ओव्या! तिला दसऱ्याला हळदकुंकू वाहतो, म्हणजे उघडायचा प्रश्नच मिटला.