सीझनवाले अण्णा

भवानी पेठेतले आमचे अण्णा हल्ली रात्री झोपत नाहीत. यंत्रमाग दोन पाळ्यांत चालतात, तिसरी पाळी अण्णा मोबाइलवर वेब मालिका बघत काढतात. सकाळी चहाच्या गाड्यावर डोळे लालबुंद आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय बे, बघितला का सीझन? आठच भाग हायत की!"

जन्म टॉवेल-चादरीत गेला, त्यामुळं मालिकाही ते दोन बोटांत चुरगळून पाहतात. "'चार दिवस सासूचे' २००१ला मागावर चढलं, २०१३ला उतरलं. तीन हजारावर भाग! एवढा लांब टॉवेल असतो का बे?" त्यात लिहिणाऱ्याचा दोष नाही, हेही तेच सांगतात. रोजचा अर्धा तास भरायचा, गुरुवारी टीआरपी आला की कुणाला मारायचं, कुणाला कोमातून उठवायचं ते ठरायचं. एक थप्पड, सात चेहरे, प्रत्येक चेहरा तीनदा, तेवढ्यात जाहिरात. वेबवाल्यांचं तसं नाही. आधी सगळे भाग लिहून घ्यायचे, मग एका दमात चित्रीकरण, आणि बहुतेकदा सगळा माल एकाच दिवशी बाजारात. भागाच्या शेवटी असा फास टाकायचा की पुढचा आपोआप सुरू झाला तरी माणूस हू की चू करत नाही.

हे व्याख्यान नेमकं वहिनींची मालिका चालू असताना होतं. "अगं, पुढं ढकल की ते!" वहिनी रिमोट पदराखाली घेतात.

वहिनींनी सूड मात्र झकास उगवला. २०२०त अण्णांनी 'समांतर'चे नऊ भाग एका रात्रीत फस्त केले, तर गोष्ट अर्धीच! पुढचा सीझन थेट २०२१त. अण्णा गाड्यावर तर्क लढवत बसले. वहिनींनी माळ्यावरची पेटी उघडली. मालिका सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, आणि कादंबरी त्यांच्यापाशी होती. दोन दुपारींत वाचून काढली आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, शेवटी काय होतंय सांगू?" अण्णा कानांवर हात ठेवून कारखान्यात पळाले. मागांच्या खडखडाटाचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला.

या वेबवाल्यांची वर्गणी अण्णांचा पुण्यातला मुलगा भरतो. मागच्या महिन्यात त्यानं स्वस्तातली योजना घेतली. आता अण्णांच्या पैसे भरलेल्या सीझनमध्येही ऐन खुनाच्या वेळी साबणाची जाहिरात येते.