सहाच्या आत घरात

मे महिन्यात रत्नागिरी सोडून कोणी जात नाही. मुंबई-पुण्याला पांगलेले झाडून सगळे उलट त्याच महिन्यात गावी येतात. माळ्यावर हापूसची अढी घातलेली असताना आपण होऊन घाट चढणाऱ्या माणसाकडे आमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. पण विद्यापीठाला आंब्याचं सोयरसुतक नाही. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपलं की कारखान्यात इंटर्नशिप करायची, रोजची डायरी लिहायची आणि तिच्यावर शिक्का मारून आणायचा. वर्गातल्या बऱ्याच जणांनी घरबसल्या ऑनलाइन इंटर्नशिप शोधली. मला ओतकाम बघायचं होतं. पुस्तकात वितळलेलं लोखंड करड्या ठिपक्यांनी दाखवतात. ठिपके बघून माझं समाधान होईना.

"अगो, लोखंड बघायला घाट कशाला चढायला हवा?" बाबा म्हणाले. "आपलं फाटक बघ. तेही जायलाच आलंय."

ओतकाम बघायचं तर कोल्हापूर. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांच्या जोरावर तिथलं उद्यमनगर वाढलं, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा एमआयडीसी उभ्या राहिल्या, आणि आज ट्रॅक्टरपासून पंपापर्यंत कशाकशाची कास्टिंगं तिथून जातात. शिरोलीतल्या एका फाउंड्रीने मला घेतलं. राहायची सोय राजारामपुरीत एका काकूंकडे झाली.

पहिल्याच दिवशी फोरमननी, म्हणजे सगळ्यांच्या मामांनी, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पोरी, आता तू आमची जबाबदारी हाईस."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण संध्याकाळपर्यंत ही जबाबदारी साथीसारखी पसरली. गेटवरचा वॉचमन मी बसमध्ये चढेपर्यंत रस्त्यावर उभा. कॅन्टीनवाला ताटात तिसरी चपाती न विचारता टाकी, चौथी विचारून. काकू रात्री मला वाढताना "असू दे, असू दे" म्हणत पांढरा रस्सा ओतत राहायच्या. "पुरे" या शब्दाला त्या घरात काही किंमत नव्हती. कोकणात पाहुण्याने तीनदा नको म्हटल्यावर आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. इथे तीनदा नको म्हटलं की पातेलंच पुढे येतं.

सेफ्टी शूज मात्र जबाबदारीच्या कक्षेबाहेर राहिले. स्टोअरमध्ये सगळ्यात लहान जोड सात नंबरचा होता आणि माझा पाय चार नंबरचा. दोन मोजे आणि वर्तमानपत्राची पुरवणी कोंबून मी चालायला लागले की पाय आधी पोहोचे, बूट मागून येई. ऑफिसातल्या 'लेडीज'ची किल्ली अकाउंट्सच्या खिडकीत टांगलेली असायची. ती हरवू नये म्हणून तिला एक नापास झालेलं कास्टिंग बांधलं होतं, चांगलं किलोभराचं. ते हातात लोंबकळवत सबंध शॉप फ्लोअर ओलांडायचा. मी कुठे निघाले आहे हे मोल्डिंगपासून फेटलिंगपर्यंत सर्वांना कळे आणि सगळे सभ्यपणे एकदम छताकडे बघू लागत.

पण खरी अडचण वेगळीच होती. ज्यासाठी आले होते ते लोखंड दिवसा वितळतच नव्हतं. इंडक्शन फर्नेसला टनामागे सहाशेच्या आसपास युनिट लागतात आणि तेव्हाच्या दरात रात्री दहा ते सकाळी सहा वीज दीड रुपयाने स्वस्त पडायची. त्यामुळे भट्टी निशाचर झालेली. मी सकाळी यायचे तेव्हा साचे थंड व्हायला लागलेले असायचे. मी जायचे तेव्हा भट्टीवाले डबे घेऊन यायचे. मी रात्री थांबते म्हटलं तर ऑफिसातल्या साहेबांनी कारखाने अधिनियम 1948 काढला. त्याच्या कलम 66 प्रमाणे तेव्हा बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात कामावर ठेवता यायचं, पुढचं सरकारने सवलत दिली तर. "पण मी कामावर कुठे आहे? मला पगारही नाही," असं मी म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, "म्हणून तर जास्त जपायचं." थोडक्यात, सातच्या आत घरात. मामांनी त्यातला एक तास स्वतःच्या अधिकारात कापला. सव्वापाच झाले की ते मनगटाकडे न बघताच सांगत, "सहा वाजलं. जावा घरला."

माझ्या वाट्याला अशा रीतीने कोअर शॉप आलं. कास्टिंग जिथे पोकळ हवं असतं तिथे साच्यात वाळूचा ठोकळा ठेवतात, तो कोअर. त्याच्याभोवती लोखंड भरतं आणि नंतर तो फोडून काढतात. हे काम बायकांकडे होतं. सोडियम सिलिकेट लावलेली वाळू कोअरबॉक्समध्ये दाबायची, कार्बन डायऑक्साइडचा गॅस मारायचा, की काही सेकंदांत ती भुसभुशीत वाळू दगड होते. मग बॉक्स उघडून कोअर अलगद काढायचा, कडेला राहिलेली पापुद्र्याएवढी रेघ अंगठ्याने पुसायची आणि ग्रॅफाइटचा पेंट लावायचा. त्यांच्यातल्या थोरल्या मावशी हे बोलता बोलता करायच्या. सुनेच्या माहेराबद्दल बोलताना त्यांचा हात जरा जोरात चाले, पण कोअर कधी तुटला नाही. माझे कोअर मानेतच मोडत.

"भाकरी थापतीस का न्हाई घरात?" मावशींनी विचारलं.

"तांदळाची असते आमच्याकडे. आई थापते."

"मग हाताला कळणार कसं?" असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात वाळूत दाबून धरले. थर्मोडायनॅमिक्सला माझे चौऱ्याऐंशी मार्क होते. त्यांचा उपयोग झाला नाही.

कोअर शॉपच्या मागे बायकांसाठी एक साधं स्वच्छतागृह होतं. तिथे मॅडमनी जाऊ नये असं परस्पर ठरलेलं होतं. मी जायला लागले आणि ते कास्टिंग एकदाचं खिडकीत टांगलेलं राहिलं. या बायका आजूबाजूच्या गावांतून सकाळी टेम्पोने यायच्या आणि सुट्टी झाली की हायवेच्या कडेने, ट्रकांच्या धुळीतून चालत जायच्या. वॉचमन त्यांच्यासाठी रस्त्यावर येऊन उभा राहिल्याचं मी पाहिलं नाही. मामांना मी एकदा विचारलं, या कुणाची जबाबदारी? मामा गोंधळले. "त्या व्हय? त्या लई वर्षं हाईत की."

कॉलेजसाठी प्रोजेक्ट लागतो म्हणून मला रिजेक्शन ॲनालिसिस दिलं. प्रत्येक इंटर्नला तेच देतात. कपाटात मागच्यांचे स्पायरल बाइंडिंगचे अहवाल ओळीने उभे होते आणि सगळ्यांचा निष्कर्ष एकच होता, ब्लो होल. वाळूत ओलावा जास्त झाला की त्याची वाफ होते आणि लोखंडात फुगा अडकतो. सॅन्ड मिलवरच्या माणसाने हे मला मूठभर वाळू दाबून, तिचे दोन तुकडे करून, कड बघून पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नंतर मी तेच पॅरेटो चार्टमध्ये रंगीत केलं. साहेबांना रंग आवडले.

मधल्या काळात बाबांचा धीर सुटला आणि त्यांनी एसटीने पाच डझनांची पेटी पाठवली. आंबे हिरवे होते. ती कामावर नेण्यात माझा हेतू शुद्ध होता असं म्हणवत नाही. रात्रपाळीची परवानगी अजून अडकलेली होती. पण पेटी उघडताच शॉप फ्लोअरवर धातुशास्त्राची परिषद भरली. एकाचं मत पडलं, कोअर सुकवायच्या ओव्हनवर ठेवा, उबारा चांगला मिळतो. दुसरा म्हणाला, एवढी उष्णता नको, वरून तडकतील. लॅबवाल्याने ब्रिनेल हार्डनेस टेस्टरकडे एक चोरटी नजर टाकली तेव्हा मी पेटी उचलली आणि काकूंच्या माळ्यावर गवतात अढी घातली. पिकल्यावर सगळ्यांना वाटले. मामांनी शांतपणे अख्खा आंबा खाल्ला, कोय चाटून पुसून ठेवली आणि म्हणाले, "चांगला हाय. पण आमच्या मळ्यातला रायवळ खाऊन बघ एकदा." मी त्यांना माफ केलं. परवानगी मिळाली नाहीच.

शेवटी एका गिऱ्हाइकाची ऑर्डर तुंबली आणि दिवसा हीट काढायची वेळ आली. मी सात नंबरचे बूट ओढत धावले. तोवर जबाबदारीही धावत आली होती. मामा, वॉचमन, लॅबवाला, दोन मोल्डर असे सगळे माझ्या पुढ्यात भिंत करून उभे राहिले, ठिणगी उडाली तर यांच्यावर आधी उडावी म्हणून. पुस्तकातले ठिपके परवडले, निदान त्यांना पाठ नव्हती.

"सरका की रं!" मागून आवाज आला. "पोरीला कायबी दिसंना झालंय!"

मावशी होत्या. बाकीच्या बायकाही पेंटाच्या काळ्या हातांनी त्यांच्यामागे उभ्या होत्या. इतकी वर्षं कोअर केले, पण भट्टी रात्रीची, त्यामुळे ओतताना त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. भिंत मुकाट्याने फुटली.

मग दिसलं. लॅडल मोनोरेलवरून सरकत आला, एकाने लांब सळईने वरची मळी बाजूला ओढली आणि खालून जो रंग उघडा पडला त्याच्याकडे काळ्या चष्म्यातूनही नीट बघवेना. डिस्प्लेवर आकडा 1400 च्या वर होता. लॅडल वाकला, साच्याच्या तोंडात पिवळी धार पडली, आणि क्षणभराने साच्याच्या वेंटमधून भप् भप् करत निळसर ज्योती उठल्या. तोंड भाजत होतं, जळक्या कोळशाचा वास घशात उतरत होता आणि वर्तमानपत्राची पुरवणी बुटात घामाने भिजली होती.

"त्यो बघ, आपला कोअर धूर सोडतोय," मावशी माझ्या दंडाला धरून म्हणाल्या. "मधला दिसतोय न्हवं? त्यो तुझा. मोडला न्हाई."

शेवटचा साचा भरला. मामांनी रुमालाने कपाळ पुसलं, आमच्याकडे वळले आणि कधी नव्हे ते घड्याळात बघून म्हणाले, "झालं न्हवं बघून? सहा वाजलं. जावा घरला, समद्या."

साडेतीन झाले होते.